व्याख्यान संपले, स्लाइड उरल्या

विज्ञानाचे व्याख्यान संपते, आभारप्रदर्शन होते, चहाचे कप फिरू लागतात आणि वक्त्याभोवती चार-सहा शिक्षक जमतात. मागणी बहुधा एकच असते : "सर, तेवढी पीपीटी पाठवा ना." वक्ता सुखावतो. आपले बोलणे लोकांना आवडले याची ती पावतीच असते. त्याच संध्याकाळी ती फाइल शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर पोचते, तिथून दुसऱ्या गटावर जाते आणि रात्रीपर्यंत व्याख्यानाला न आलेल्या कितीतरी जणांच्या फोनमध्ये जाऊन बसते. या देवघेवीत कोणाचे काही बिघडत नाही, झालाच तर फायदा होतो, असे आम्हीही अनेक वर्षे मानत होतो. आता तसे मानत नाही. व्याख्यानानंतर नुसत्या स्लाइड वाटण्याच्या या रूढीवर टीका करण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. टीकेची सुरुवात आमच्याच एका स्लाइडपासून करणे न्यायाचे ठरेल.

तांदळाचा दाणा कुठे गेला?

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्याच्या डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, लहान लहान भूकंपांची मालिका सुरू झाली. एक मोठा धक्का आणि मग त्यामागून येणारे छोटे धक्के, असा हा प्रकार नव्हता. लहान धक्क्यांचा हा थवाच होता. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ इतक्या महत्तेचा धक्का बसला. (वृत्तपत्रे ज्याला 'रिश्टरचा आकडा' म्हणतात, ती ही महत्ता.) त्या दिवशी घाबरून घराबाहेर पडण्याच्या धावपळीत दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. घरांच्या भिंतींना तडे गेले, लोक थंडीत उघड्यावर झोपू लागले, तंबू उभारावे लागले.

पुढे या विषयावर पालघरला शिक्षकांसमोर बोलण्याचा प्रसंग आमच्यावर आला. बोईसर, तारापूर, डहाणूकडचे शिक्षक आले होते. आमच्या एका स्लाइडवर दोन उभे स्तंभ होते. एकाखाली लिहिले होते 'डहाणू, ४.१' आणि दुसऱ्याखाली 'किल्लारी, ६.२'. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप महाराष्ट्रात कोणी विसरलेले नाही, म्हणून तुलनेला तो घेतला. पडद्यावर स्तंभ दिसत असताना आम्ही खिशातून कागदाची पुडी काढली, वाडा कोलमचा एक दाणा टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी मूठभर तांदूळ ओतले. "हा एक दाणा म्हणजे डहाणूच्या धक्क्याची ऊर्जा आणि ही मूठ म्हणजे किल्लारीची," असे सांगितले.

हिशेब सोपा आहे. महत्ता १ ने वाढली की भूकंपात बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. २ ने वाढली की ३२ गुणिले ३२, म्हणजे सुमारे १००० पट. ०.१ ने वाढली की सुमारे १.४ पट. ४.१ आणि ६.२ यांतील फरक २.१ आहे, म्हणून ऊर्जेतील फरक १००० गुणिले १.४, म्हणजे सुमारे १४०० पट. दोन भूकंपांची महत्ता वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेली असू शकते, तेव्हा 'हजार-दीड हजार पट' एवढे म्हणणे सुरक्षित. सभागृहातल्या शिक्षकांना हे पटले. काही जणांनी तर तांदळाचे दाणे मोजून पाहण्याची तयारी दाखवली.

काही आठवड्यांनी तलासरीकडच्या एका शिक्षिकेचा फोन आला. त्या व्याख्यानाला येऊ शकल्या नव्हत्या, पण आमच्या स्लाइड त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या. "सर, तुमचा तो तक्ता मी वर्गात दाखवला. मुलांनी पट्टीने स्तंभ मोजले आणि म्हणाली, बाई, आपला भूकंप किल्लारीच्या दोन-तृतीयांश आहे. घरी जाऊन त्यांनी तेच सांगितलं. आता पाड्यावरच्या बायका मला विचारतात, किल्लारीला इतकी माणसं गेली, मग आपल्याकडे त्याच्या दोन-तृतीयांश जाणार का?"

मुलांचे मोजमाप अचूक होते. ४.१ भागिले ६.२ म्हणजे ०.६६, दोन-तृतीयांशच. पट्टीने मोजून निष्कर्ष काढायला आपणच त्यांना शिकवले आहे. चूक आमची होती. ज्या राशीचा एक अंक वाढला की ऊर्जा ३२ पट होते, ती राशी आम्ही साध्या स्तंभांत काढली होती आणि चित्राची ही उणीव तोंडी बोलण्याने व तांदळाने भरून काढली होती. फाइल पाठवली तेव्हा स्तंभ गेले आणि तांदूळ पालघरच्या टेबलावरच राहिले.

हे एवढ्यावरच थांबत नाही. '१४०० पट कमी' हा आकडा एकटाच पाठवला असता, तर उलटी चूक झाली असती. 'मग काळजीचे काही कारणच नाही' असा अर्थ कोणीही काढला असता. प्रत्यक्षात या मालिकेतले धक्के उथळ होते, लोकवस्तीच्या अगदी खाली होते, आणि कच्च्या भिंतींना तडा जायला किल्लारीएवढी ऊर्जा लागत नाही. तेव्हा सांगायला हवे होते ते असे : 'हा धक्का किल्लारीच्या मानाने फार लहान आहे, तरीही तडा गेलेल्या घरात झोपू नये आणि शाळेत डोके वाचवण्याचा सराव चालू ठेवावा.' या वाक्यातला 'तरीही' कोणत्याही स्तंभात काढता येत नाही. तो वाक्यातच राहतो आणि वाक्य आमच्या स्लाइडवर नव्हते.

सहाशे चाळीस पट, शेवटच्या ओळीत

आमच्या चुकीने पाड्यावरच्या काही घरांची झोप उडाली. स्लाइडवर विसंबण्याचे याहून फार गंभीर उदाहरण जगाने पाहिले आहे. १६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे 'कोलंबिया' अवकाशयान उडाले. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा निखळला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत फिरत असताना अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास केला आणि निष्कर्ष अधिकाऱ्यांपुढे स्लाइडच्या रूपाने मांडले.

त्यातली एक स्लाइड पुढे जगभर गाजली. तिचे शीर्षक वाचणाऱ्याला दिलासा देणारे होते. चाचण्यांची माहिती पाहता अंदाज सुरक्षित बाजूला झुकलेले आहेत, असा त्याचा आशय होता. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे, उपमुद्द्यांचे उपमुद्दे अशी उतरंड होती. अगदी तळाशी, लहान अक्षरांत, खरी गोष्ट होती : ज्या चाचण्यांवर हा सारा अंदाज बेतला होता त्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता, आणि यानावर आदळलेला तुकडा १९२० घन इंचांचा धरला होता. आपल्या मापात सांगायचे तर चाचणीतला तुकडा सुमारे ५० घन सेंटिमीटरचा, अर्ध्या कपाएवढा, आणि प्रत्यक्षातला सुमारे ३१ लिटरचा, म्हणजे दोन बादल्यांएवढा. फरक ६४० पटींचा. जिच्या शेवटच्या ओळीत 'आमच्या चाचण्या या प्रसंगाला लागूच पडत नाहीत' असा अर्थ दडला होता, तिच्या शीर्षकाने मात्र धीर दिला होता.

१ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान वातावरणात विखुरले. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. स्लाइडमुळे अपघात झाला असे कोणी म्हणणार नाही. अपघात फेसाच्या तुकड्याने पंखाला पडलेल्या भगदाडामुळे झाला, आणि संस्थेच्या कारभारातले दोषही त्यामागे होते. परंतु ऑगस्ट २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी मंडळाच्या अहवालाने या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली. ती वाचणाऱ्या वरिष्ठाला आपल्यापुढे जिवाशी गाठ असलेला प्रश्न आहे हे कळले नसेल तर नवल नाही, असे मंडळाला वाटले. तांत्रिक निबंधाऐवजी स्लाइडवर काम भागवण्याची सवय संस्थेत मुरली आहे, असेही मंडळाने नोंदवले. येल विद्यापीठाचे एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडचे ओळीओळीने परीक्षण केले होते, आणि मंडळाने त्याचा आधार घेतला होता.

आमची स्लाइड आणि ही स्लाइड यांचे वजन सारखे नाही, हे उघड आहे. पण जात एकच आहे. एकीत १४०० पटींचा फरक दीडपट दिसत होता आणि दुसरीत ६४० पटींचा फरक तळाच्या ओळीत दडपला गेला होता. दोन्ही ठिकाणी आकडे खरे होते. नव्हते ते आकड्यांना एकमेकांशी आणि आपल्या जीविताशी जोडणारे वाक्य.

पडद्यावरून काय पोचत नाही?

स्लाइड हे बोलणाऱ्याचे साधन आहे. पूर्वी वक्ते पारदर्शिका वापरत, काचेच्या प्रक्षेपकावर एकेक ठेवत आणि संपल्यावर पिशवीत घालून घरी नेत. त्या कोणी मागत नसे, कारण त्यांची प्रत काढणे अवघड होते. १९८७ मध्ये पॉवरपॉइंट आले, पुढे ईमेल आला, मग हातातला फोन आला. प्रत काढणे फुकट झाले, म्हणून वाटणेही सुरू झाले. पण वाटण्याजोगे काय आहे याचा विचार मागेच राहिला.

नुसत्या स्लाइडमधून नेमके काय गळते? आकाराचे भान गळते, हे आपण पाहिले. दुसरे, खात्रीची पातळी गळते. आमच्या आणखी एका स्लाइडवर 'पाऊस?' असा शब्द होता, त्यापुढे बाण, मग 'खडकातील भेगांत पाण्याचा दाब', पुन्हा बाण, आणि शेवटी 'धक्के'. खोलवर झिरपणारे पाणी खडकांतील भेगांवर परिणाम करून लहान भूकंप घडवू शकते, या शक्यतेचा अभ्यास शास्त्रज्ञ करतात. बोलताना आम्ही 'ही एक कल्पना आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही' असे दोनदा म्हटले होते. स्लाइडवर या सर्व सावधगिरीचा प्रतिनिधी म्हणून एक प्रश्नचिन्ह उभे होते. पुढे कोणीतरी ते चित्र फळ्यावर उतरवले तेव्हा प्रश्नचिन्ह गळाले. बाण मात्र टिकले. बाण काढायला सोपा असतो आणि तो नेहमी ठामच दिसतो.

तिसरे, तारीख गळते. भूकंपमालिकेची स्थिती महिन्यामहिन्याला बदलते. फेब्रुवारी २०१९ चे चित्र चार वर्षांनी कोणाच्या फोनवर आले, तर ते कालचेच वाटते. पहिल्या स्लाइडवर तारीख असते, पण फिरत राहते ती मधली एखादी.

चौथे, आणि शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे, म्हणजे प्रश्नोत्तरे. पालघरला बोईसरच्या एका शिक्षकाने विचारले, "सर, तारापूरचं काय?" हा प्रश्न त्या भागात कोणाच्याही मनात येणारच. १९६९ पासून तिथे अणुवीजकेंद्र आहे, २००५ आणि २००६ मध्ये त्यात ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्यांची भर पडली, आणि शेजारी औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने आहेत. आम्ही उत्तर दिले की महत्ता हा भूकंपाचा आकडा आहे, जागेचा नव्हे. एखाद्या जागी जमीन किती हलेल हे भूकंपाचे अंतर, त्याची खोली आणि त्या जागेखालची माती-खडक यांवर ठरते. अशा बांधकामाचा आराखडा करताना जमिनीला मिळणाऱ्या त्वरणाचा विचार करतात. म्हणून '४.१ ला टिकेल का?' असे न विचारता 'या जागेसाठी किती त्वरण गृहीत धरले आहे, आणि आसपासच्या भूकंपांतून ते किती येऊ शकते?' असे विचारायला हवे. त्या दुपारची सर्वांत उपयुक्त पाच मिनिटे हीच होती, असे आमचे मत आहे. फाइलमध्ये तिच्या जागी 'धन्यवाद' एवढीच स्लाइड होती.

मग स्लाइड द्यायच्याच नाहीत का?

असा निष्कर्ष कोणी काढू नये. आमचे काही सहकारी आपल्या स्लाइड कोणालाच देत नाहीत. 'लोक आमचे नाव काढून स्वतःच्या नावावर वापरतात,' अशी त्यांची तक्रार असते. तक्रार खोटी नाही, पण हा उपाय बरा नाही. आमच्यापैकी बहुतेकांचे संशोधन जनतेच्या पैशावर चालते. मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या शिक्षकाला पालघरपर्यंत येण्यात दिवस मोडावा लागतो. तो आला नाही म्हणून त्याला ज्ञान नाकारायचे, हे योग्य नाही. शिवाय शिक्षक स्लाइड का मागतात याचाही विचार करावा. पडदा नीट दिसावा म्हणून आपण सभागृहातले दिवे मालवतो आणि अर्ध्या मिनिटाला एक स्लाइड पुढे सरकवतो. अंधारात, त्या वेगात, टिपण कसे घ्यावे? मागणी त्यांच्या आळसातून येत नाही, आमच्या पद्धतीतून येते.

दुसरी सूचना अशी असते की सगळे स्लाइडवरच लिहावे, म्हणजे काही गळणार नाही. हे करून पाहिले आहे. श्रोते वाचू लागतात आणि ऐकणे थांबते, कारण एकाच वेळी एक मजकूर वाचणे आणि दुसरा ऐकणे माणसाला जमत नाही. व्याख्यानही बिघडते आणि वाचायला धड लेखही मिळत नाही. ध्वनिचित्रफीत हा तिसरा पर्याय. तो चांगला आहे. पण दीड तासाच्या फितीत हवे ते वाक्य शोधायचे तर सगळी फीत पाहावी लागते, आणि पाड्यावर जिथे फोनला जेमतेम रेंज मिळते तिथे ती उघडतही नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. सभागृहासाठी स्लाइड आणि घरी नेण्यासाठी टिपण, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वक्त्याने दोन्ही कराव्यात. टिपण चार पानांचे पुरे. त्यात पूर्ण वाक्ये असावीत. प्रत्येक चित्राखाली ते काय दाखवते आणि काय दाखवत नाही, या दोन्ही गोष्टी लिहाव्यात. जे पक्के ठाऊक आहे आणि जे नुसते अनुमान आहे ते वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवावे. सभेतले प्रश्न व त्यांची उत्तरे शेवटी जोडावीत. त्यासाठी टिपण व्याख्यानानंतर दोन दिवसांनी पाठवले तरी चालेल. नाव आणि तारीख प्रत्येक पानावर असावी. चित्रे दुसऱ्यांची असतील तर कोणाची ते सांगावे आणि आपली असतील तर ती वर्गात वापरायला मुभा आहे असे स्पष्ट लिहावे. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : जुन्या मराठी टंकांत केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि पाठवण्यापूर्वी एखाद्या साध्या फोनवर उघडून पाहावा.

फॅरडेचे टिपण

शिक्षकांनाही एक सांगावेसे वाटते. व्याख्यान टिकवण्याचे काम नेहमी वक्त्यानेच केले आहे असे नाही. १८१२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांना पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा एक तरुण बसला होता. त्याने जे ऐकले ते घरी जाऊन सविस्तर लिहून काढले, आकृत्या काढल्या, पाने स्वतः बांधली आणि ते पुस्तक डेव्हींना पाठवले. पुढच्या वर्षी तो तिथे साहाय्यक म्हणून रुजू झाला. तो मायकेल फॅरडे. हाच फॅरडे पुढे मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्याने देऊ लागला, तेव्हा १८६०-६१ च्या नाताळातील ती व्याख्याने लिहून घेतली गेली आणि विल्यम क्रुक्स यांनी संपादित करून १८६१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्या पुस्तकात मेणबत्ती पेटलेली दिसत नाही. पण वक्त्याने प्रत्येक क्षणी काय केले, काय दिसले आणि त्यावरून काय म्हटले, हे वाक्यावाक्याने आले आहे. म्हणून आजही एखादा विद्यार्थी ते प्रयोग स्वतः करून पाहू शकतो.

आपल्या शाळेत किंवा केंद्रात पुढचे व्याख्यान ठरेल तेव्हा अकरावी-बारावीच्या दोन विद्यार्थ्यांना हे काम द्यावे. एकाने बोलणे लिहावे, दुसऱ्याने प्रयोग व प्रश्न टिपावेत. दोघांनी मिळून टिपण तयार करावे आणि वक्त्याकडे तपासायला पाठवावे. आलेल्या दुरुस्त्या पाहून विद्यार्थी जे शिकतील, ते व्याख्यान ऐकूनही शिकले नसतील. वक्त्यालाही आपले कुठे कळले नाही हे कळेल. आणि कृपा करून दिवे सगळे मालवू नयेत. मागच्या दोन ओळींवरचे तरी चालू ठेवावेत.

आम्ही आमच्या भूकंपाच्या व्याख्यानातून ते स्तंभ काढून टाकले आहेत. त्या जागी आता एक दाणा आणि मूठभर तांदूळ यांचे छायाचित्र आहे, त्याखाली हिशेब आहे आणि 'तरीही' ने सुरू होणारे वाक्य आहे. चार पानी टिपण तलासरीच्या त्या बाईंना आधी पाठवले. त्यांनी दोन ठिकाणी खुणा करून परत केले. 'त्वरण' हा शब्द पाचवीच्या मुलांना कळत नाही, एसटी एकदम सुटली की अंग मागे जाते ते सांगा, असे त्यांनी लिहिले होते. ती दुरुस्ती आम्ही केली आहे.